अश्वगंधेनं ताण उतरतो की नुसती हवा?

मागवाला: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळीची पोरं हल्ली चहासोबत अश्वगंधेची गोळी टाकतात. हसू नका. 2012 साली भारतात झालेल्या एका चाचणीत ताणाची तक्रार असलेले 64 जण घेतले होते. निम्म्यांना मुळांचा अर्क दिला, 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 60 दिवस. त्यांचं रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, 28 टक्क्यांच्या आसपास उतरलं. खोटी गोळी खाणाऱ्यांचं फक्त 8 च्या घरात. मग ही हवा कशी?

कडूजहर: 64 जण? आमच्या गल्लीतल्या बारशालाही याहून जास्त येतात. आणि कॉर्टिसॉल म्हणजे काय विष आहे का? मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला हलवतो, पिट्युटरी किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, मग कॉर्टिसॉल सुटतं आणि रक्तात साखर येते. पहाटे ते चढतं म्हणून तर आपण अंथरुणातून उठतो. रात्रपाळीत हे सगळं चक्रच विस्कटतं. त्यात मागांचा खडखडाट, मेमधला चाळिशीपारचा पारा, शेठकडून घेतलेली उचल डोक्यावर. गोळीनं यातलं काय कमी होणार?

मागवाला: उचल गोळीनं फिटत नाही, एवढं कळतंय बे. पण दिवसा पत्र्याखाली डोळा लागतो, ते काय कमी आहे?

औषधवाली ताई: काउंटरवर उभी असते म्हणून सांगते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बायका ‘आयुर्वेदिकच आहे की’ म्हणत ही डबी नेतात. अश्वगंधेनं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. झोपेच्या, शुगरच्या गोळ्यांसोबतही जपून. गरोदरपणात नकोच. कावीळ होऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेसही नोंदल्यात, मोजक्या असतील, पण आहेत. डेन्मार्कनं 2023 मध्ये थेट बंदी घातली.

वैद्यबुवा: डेन्मार्कचं कौतुक पुरे. आपल्याकडं मूळ वापरतात, तेही दुधातून, माणसाची प्रकृती आणि पचन बघून. सरसकट सगळ्यांना एकच डोस देत नाहीत. खरी भानगड भेसळीची आहे. पानं स्वस्त पडतात, म्हणून काहीजण अर्कात तीच घालतात, आणि पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारं रसायन जास्त असतं. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयानंच कंपन्यांना कळवलंय. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, ‘रूट’ लिहिलेलं हवं.

मागवाला: आमच्या डबीवर ‘होल प्लांट’ आहे. म्हणजे?

औषधवाली ताई: म्हणजे पानंही आली, दादा. थायरॉइड कधी तपासलंय का?

मागवाला: नाही.

कडूजहर: झालं. आता रिपोर्ट येईपर्यंत याचं कॉर्टिसॉल बघा.