परसबागेत मुलांसोबत पहिली भाजी कोणती लावावी?

प्रश्न (परभणी): घरामागे काळ्या मातीची थोडी मोकळी जागा असून, पाच आणि तीन वर्षांच्या मुलींना सोबत घेऊन तेथे प्रथमच भाजीपाला लावण्याचा आमचा विचार आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला काय लावावे आणि मुलींना कोणती कामे द्यावीत?

उत्तर (लातूर): ताई, भेंडी अवश्य लावा. तिचे बी लहान मुलांच्या चिमटीत नीट बसते आणि साधारण 45 ते 50 दिवसांत तोडणी सुरू होते. तुमच्याच गावच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण, पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखला जातो.

उत्तर (जालना): बियाण्याइतकाच वाफाही महत्त्वाचा आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे सलग पावसात सपाट जागेतील मुळे कुजतात. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बी टोकणे आणि पाने उलटून मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) शोधणे ही कामे आमचा मुलगा फार मन लावून करतो. भेंडीच्या बारीक लवेने कोवळ्या हातांना खाज सुटते, म्हणून तोडणी मात्र मोठ्यांनीच करावी. माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा; त्या वेळी मुलांना दूर ठेवावे.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. पाऊस लांबल्यास स्वयंपाकघरातील पाणी चालेल का?

उत्तर (लातूर): भाज्या-तांदूळ धुतलेले जरूर घाला, साबणाचे नको.