मदत हवी आहे: दुसरा एडवर्ड आणि पेम्ब्रोकचं कोडं

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डबद्दल (राज्यकाळ १३०७ ते १३२७) वाचतोय आणि एका जागी गाडी अडलीये.

राजाचा लाडका पिअर्स गॅव्हस्टन मे १३१२ मध्ये स्कार्बरोच्या किल्ल्यात विरोधी सरदारांना शरण आला. जिवाला धोका नाही, अशी हमी पेम्ब्रोकच्या अर्लने (अर्ल म्हणजे बडा सरदार) दिली, त्यासाठी स्वतःची मालमत्ताही पणाला लावली. आणि मग डेडिंग्टनला कैद्याला ठेवून हा गृहस्थ बायकोला भेटायला गेला! वॉरिकच्या अर्लने डाव साधला, गॅव्हस्टनला उचललं. १९ जूनला ब्लॅकलो टेकडीवर, राजाचा विरोधक असलेल्या लँकेस्टरच्या अर्लच्या हद्दीत नेऊन त्याला मारलं.

हा पेम्ब्रोकचा ढिसाळपणा, की आतून संगनमत? १३११ मध्ये राजाचे हात बांधणारे नियम करणाऱ्या सरदारांत तोही होता, म्हणून शंका येते. पण गॅव्हस्टन मेल्यावर तो थेट राजाच्या गोटात गेला, त्यामुळे मला तरी संगनमत पटत नाही.

अजून एक. १३२२ मध्ये बरोब्रिजच्या लढाईत राजाविरुद्ध उठलेला लँकेस्टर हरला, त्याचं मुंडकं उडवलं, ते नियमही रद्द झाले. राजा जिंकलाच की! मग १३२६ मध्ये राणी इझाबेला फौज घेऊन उतरली तेव्हा त्याच्या बाजूने जवळपास कुणीच का उभं राहिलं नाही? राजाचे पुढचे लाडके, डिस्पेन्सर बापलेक, यांची जमिनीची हाव, एवढं एकच कारण पुरतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.