मदत हवी आहे : नळाच्या पाण्यात फ्लोराईड, बाळाच्या दुधाला चालेल का?

नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार महिन्यांची, वजन ६ किलो. अंगावरचं दूध पुरेना म्हणून पावडरचं सुरू केलंय, दिवसाला साधारण ९०० मिली पाणी लागतं. आमच्या नळाच्या पाण्यात दात किडू नयेत म्हणून फ्लोराईड घालतात. पाणी खात्याच्या अहवालात लिटरला ०.७ मिलिग्रॅम असं छापलंय. इतकी वर्षं मी ते बिनघोर प्यायले. परवा घरच्या ग्रुपवर 'फ्लोराईडने मुलं मंद होतात' असा व्हिडिओ आला आणि झोप उडाली. डॉक्टरांना विचारलं तर "अहो, काही होत नाही" एवढंच.

मग स्वतःच वाचत बसले. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून हे घालतात. तिथली शिफारस २०१५ मध्ये ०.७ वर आणली, कारण आता टूथपेस्टमधूनही फ्लोराईड मिळतंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५. अमेरिकेच्याच राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल म्हणतो की १.५ च्या वर मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी संबंध दिसतो, ०.७ बद्दल सांगायला पुरेशी माहिती नाही. माझी गाडी इथेच अडते. पुरेशी माहिती नाही म्हणजे धोका नाही, की अजून कुणी नीट बघितलंच नाही?

शिवाय मर्यादा लिटरमागे आणि बाळ ६ किलोचं! मी ६५ किलोची, दोन लिटर पिते : किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम. तिला ०.१०. जवळजवळ पाचपट. हिशोब चुकला असेल तर सांगा. आणि पाणी उकळून हे जातं का?

पाणीवाला : हिशोब बरोबर आहे. उकळून मात्र उलटं होतं. वाफ होते ती पाण्याची, फ्लोराईड पातेल्यातच राहतं. लिटरभर ठेवून फोनवर बोलत राहिलात आणि पाऊण लिटर उरलं, तर ०.७ चं ०.९३ झालं. जंतूंसाठी उकळा, पण उकळी आली की उतरवा. कोळशाच्या साध्या फिल्टरनेही फारसं जात नाही, आरओने बरंचसं जातं.

दाढदुखी : मी दातांची डॉक्टर. तान्ह्या बाळाच्या बाबतीत खरी शक्यता आहे ती डागांची. पुढचे कायमचे दात आत्ता हिरडीच्या आत घडतायत. फ्लोराईड जास्त झालं तर पुढे त्यांवर पांढुरक्या रेषा दिसू शकतात. या पातळीला बहुधा इतक्या पुसट, की मलाच दिवा जवळ धरून बघाव्या लागतात. हाडं वाकतात ते प्रकरण निराळं, वर्षानुवर्षं जमिनीतलं भरपूर फ्लोराईडचं पाणी पोटात गेल्यावरचं. तरी पूर्ण दूध पावडरचंच असेल तर कमी फ्लोराईडचं पाणी वापरा, निदान आलटून पालटून. अंगावरच्या दुधात ते जवळपास नसतंच, त्यामुळे या वयात न मिळाल्याने काही बिघडत नाही. दात आले की तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, बास.

उलटतपासणी : मग पाण्यात घालायचंच कशाला? स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने २००३ मध्ये बंद केलं. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात नव्या अभ्यासांतून निघालेला फायदा म्हणजे मुलामागे सरासरी दुधाचा पाव दात कमी किडतो, एवढाच!

दाढदुखी : पाव दात ही सरासरी आहे हो. ज्या घरात ब्रश रोज होत नाही तिथलं मूल माझ्या खुर्चीत चार किडलेल्या दाढा घेऊन येतं. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने २०११ मध्ये बंद केलं होतं, २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं. पण हा वाद वेगळ्या धाग्यावर घालू, इथे बाळाचं बघू या.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. मी रोज दहा-दहा मिनिटं उकळत होते, वर स्वतःवर खूश! बुद्ध्यांकाचं उत्तर मिळालं नाही, पण ते कुणाकडेच नाही असं दिसतंय. आता दुकानात बाटलीचं पाणी बघितलं. लेबलवर सोडियम आहे, कॅल्शियम आहे, फ्लोराईडचा रकानाच नाही. कसं ओळखायचं?

पाणीवाला : 'डिस्टिल्ड', 'डीमिनरलाइज्ड' किंवा आरओ केलेलं असं लिहिलंय का बघा. नुसतं 'झऱ्याचं' लिहिलेलं घेऊ नका, त्यात काहीही असू शकतं.