पैसे रोज मोजतो, मग मनी 'अनकाउंटेबल' कसं?

बिबवेवाडीच्या_काकू

घरी आठवी-नववीच्या सेमी इंग्रजीच्या मुलांची शिकवणी घेते. मोजता येतं त्याला 'मेनी', येत नाही त्याला 'मच', एवढ्यावर आजवर भागत होतं. यंदा एक चिरंजीव आलेत, वडिलांचा मार्केट यार्डात भुसारचा गाळा. ते म्हणाले, "काकू, बाबा रोज रात्री गल्ल्यातले पैसे मोजतात. मग मनी मोजता येत नाही असं कसं?" त्यावर शेजारची म्हणाली, "आणि केस कुठे मोजता येतात? तरी आपण 'केस गळले' म्हणतोच ना?" वर्गाचा निकाल लागला.

नियम मला पाठ आहे, तो लिहून पाठवू नका. अडचण शिकवण्याची आहे. पुस्तकात यादी दिलेली असते: फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात आणि पेपरात 'मेनी इन्फर्मेशन्स' लिहून येतात. यादी पाठ न करता हे गळी कसं उतरवायचं? 'फ्यू' आणि 'अ फ्यू'साठीही काही युक्ती असेल तर द्या. 'गुगल करा' हे मला सुचलेलं आहे, ते सांगण्याची तसदी कोणी घेऊ नये.

भुसारवाला_यार्ड

मुलगा आमच्या लाइनीतला दिसतो! त्याला म्हणावं, बाबा नोटा मोजतात. पाचशेच्या किती, शंभराच्या किती. गाळ्यावर साखरही कोणी मोजत नाही. मोजतात ती पोती, साखर काट्यावर जाते. 'हाउ मेनी बॅग्ज' आणि 'हाउ मच शुगर'. माल तोच, प्रश्न दोन.

निवृत्त_मुद्रितशोधक

वरचं उत्तर उत्तम, पण त्यावर थांबलात तर तो मुलगा पुढच्या आठवड्यात गव्हावर येईल. इंग्रजीत 'व्हीट'चं अनेकवचन होत नाही आणि 'ओट्स'ला अनेकवचनाशिवाय राहवत नाही. दोन्ही धान्यंच, दोन्हींचे दाणे मोजायला बसलं तर मोजता येतात. म्हणजे वस्तू मोजता येते की नाही हा प्रश्नच नव्हे. इंग्रजी तो शब्द 'वन, टू, थ्री'च्या मागे बसू देते का, एवढंच पाहायचं. 'थ्री रुपीज' चालतं, 'थ्री मनीज' नाही. 'मोजता येतं' हे शब्द वर्गात वापरणंच सोडा, 'आकडा लागतो की नाही' म्हणा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आता यादीचं. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात इंग्रजी गाइडांची प्रुफं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या याद्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. त्या सगळे शब्द एका रांगेत उभे करतात. आपल्या मुलांना त्यातले निम्मे शब्द आधीच येतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. 'दोन माहित्या मिळाल्या' असं कोणी म्हणतं का? स्वारगेटला उतरून 'माझी चार सामानं' असं? मदत, सामान, माहिती, फर्निचर हे आपल्या बोलण्यातही आकडा घेत नाहीत. तेव्हा 'इन्फर्मेशन्स' हा मराठीचा दोष नाही. दिसेल त्या इंग्रजी शब्दाला एस जोडायच्या सवयीचा आहे. तिथे मुलांना म्हणायचं, आधी मराठीत बोलून पाहा.

गोची होते ती दुसऱ्या गटात. पैसे, केस, तांदूळ, पोहे, बातम्या, सल्ले. हे आपल्याकडे अनेकवचनी आहेत किंवा सहज होतात. इंग्रजीत मनी, हेअर, राइस, न्यूज, ॲडव्हाइस एकवचनी. (पोह्यांना इंग्रजी शोधू नका, 'पोहे'च म्हणा.) म्हणून 'माय हेअर आर लाँग' आणि 'द न्यूज आर गुड'. पाठ करायचीच असेल तर एवढीच यादी करा, वहीच्या एका पानावर मावते. केसांना एक पळवाट आहे: आमटीत सापडला तर तो 'अ हेअर', दोन सापडले तर 'टू हेअर्स'. सुटे झाले की आकडा लागतो.

'फ्यू'साठी बाहेर कुठे जायला नको. 'थोडं दूध आहे' म्हटलं की चहा होणार. 'दूध थोडंच आहे' म्हटलं की पाहुण्याने समजून उठावं. पहिलं 'अ लिटल मिल्क', दुसरं 'लिटल मिल्क'. तसंच 'थोडी मुलं आली' आणि 'थोडीच मुलं आली': 'अ फ्यू' आणि 'फ्यू'. आपला 'च' लावला की इंग्रजीतला 'अ' गळतो, असं सांगा.

हिंजवडी_फेज२

हे सगळं ठीक, पण खऱ्या आयुष्यात कोण पाळतं? माझ्या रोजच्या कॉलवर दोन इंग्रज असतात, मँचेस्टरचे, दोघंही बिनदिक्कत 'लेस पीपल' म्हणतात. मला शाळेत तिथे 'फ्यूअर'च म्हणायला हवं म्हणून बदडलं होतं.

निवृत्त_मुद्रितशोधक

म्हणणारच. अनेकवचनाला 'लेस' लावणं इंग्रजीत हजारेक वर्षं जुनं आहे, नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या लेखनातही ते सापडतं. 'फ्यूअर'चा आग्रह बराच अलीकडचा. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने एका पुस्तकात लिहिलं की अशा ठिकाणी 'फ्यूअर' अधिक बरं वाटतं. त्याने ती आपली आवड म्हणून सांगितली होती; पुढच्या मास्तरांनी तिचा कायदा केला. मग 2008 मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांच्या साखळीने जलद काउंटरवरच्या पाटीतलं 'लेस' काढून 'अप टू टेन आयटम्स' लिहिलं आणि वादातून अंग काढून घेतलं. आपल्या पेठांतल्या पाट्यांकडे एवढं कोणी बघत नाही हे नशीब.

पेपरात मात्र 'फ्यूअर बॉइज', 'लेस वॉटर'च लिहायचं, गुण तपासणाऱ्याच्या हातात असतात. अंतर, वेळ आणि रक्कम यांना कडक मास्तरही 'लेस' देतो. लोणावळा पुण्याहून 'लेस दॅन सेव्हन्टी किलोमीटर्स', कारण तिथे आपण एकेक किलोमीटर सुटा धरत नाही, सगळा रस्ता एक धरतो.

बिबवेवाडीच्या_काकू

'च'ची युक्ती काल वापरली, नववीच्या पोरांनी उचलली. पण एकीने विचारलं, वैशाली हॉटेलात वेटर 'टू कॉफीज' ओरडतो ते चूक का? आणि 'टाइम' अनकाउंटेबल, तर 'मेनी टाइम्स' कुठून आलं?

निवृत्त_मुद्रितशोधक

वेटर बरोबर आहे. तो कप मोजतो, 'कप' शब्द गिळतो. पातेल्यातली कॉफी 'मच', टेबलावरच्या कॉफ्या 'मेनी'. कागदाचंही तसंच, 'पेपर' म्हणजे कागद असेल तर आकडा नाही. वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर 'टू पेपर्स'.

'टाइम'चं उत्तर तर तुमच्या तोंडात आहे. किती वेळ लागला? 'हाउ मच टाइम'. किती वेळा सांगितलं? 'हाउ मेनी टाइम्स'. एक काना इकडचा तिकडे, बस.

एक जाता जाता, कारण प्रुफांत हे सतत भेटायचं. 'आय हॅव मच वर्क' हे व्याकरणात बसतं, कानाला बसत नाही. 'मच' प्रश्नात आणि नकारात शोभतं; साध्या होकारात 'अ लॉट ऑफ' लिहायला सांगा. ते 'वर्क'लाही चालतं आणि 'बुक्स'लाही. आणि 'अ नंबर ऑफ बॉइज आर', पण 'द नंबर ऑफ बॉइज इज'. पहिल्यात मुलं बोलतात, दुसऱ्यात आकडा.

भुसारवाला_यार्ड

माझं एक राहिलं. मसूरडाळ आपल्याकडे एकवचनी, पण निर्यातीच्या कागदांवर ती 'लेंटिल्स' असते. मग 'हाउ मेनी लेंटिल्स' विचारायचं का?

निवृत्त_मुद्रितशोधक

व्याकरणाने हो, पण मग समोरचा दाणे मोजायला बसेल. तुम्ही 'हाउ मेनी टन्स ऑफ लेंटिल्स' लिहा, काट्यावर जे येईल ते.