निसर्गात रमणारा माणूस दयाळू होतो का? वर्ड्सवर्थचं मला पटतं

नदीवेडा:
कॉलेजात इंग्रज कवी वर्ड्सवर्थची 'टिंटर्न अ‍ॅबी' ही कविता परीक्षेपुरती वाचली होती. परवा पुन्हा हातात घेतली आणि एका जागी अडकलो. 1793 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वर्ड्सवर्थ वाय नदीच्या काठी हिंडून गेला. जुलै 1798 मध्ये बहीण डोरोथीला घेऊन परत आला. मधली पाच वर्षं शहरातल्या खोल्यांमध्ये, गोंगाटात, त्याला ती झाडी आठवत राहिली. इथवर ठीक, कुणालाही आठवेल. पण पुढे तो म्हणतो की जो आनंद आपण विसरूनही गेलो, तोच आपल्या हातून बारीकसारीक भलेपणा करून घेतो. ज्याला नाव नाही, ज्याची कुणी आठवणही ठेवत नाही, असा.
डोंगर बघितला आणि माणूस संत झाला, असं तो म्हणत नाहीये. आत काहीतरी मुरतं आणि कधीतरी आपण एसटीत उठून कुणाला जागा देतो. (एसटी माझी, त्याची नव्हे.) मला हे खरं वाटतं.

तिरकस:
साफ असहमत. विल्यम गिल्पिनचं वाय नदीच्या सहलीवरचं पुस्तक 1782 चं. त्यात टिंटर्नच्या पडक्या मठात आसरा घेतलेले भिकारी आहेत, जवळ लोखंडाचे कारखाने आहेत. सोळा वर्षांनी आपले कवी येतात आणि त्यांना दिसतं काय, तर शांतता!

नदीवेडा:
कवितेचं पूर्ण शीर्षक वाचा हो. मठापासून काही मैल वरच्या अंगाला लिहिलेली आहे, मठ कवितेत येतच नाही. आणि झाडीतून वर येणारा धूर बघून त्याला रानात राहणारे बेघर आठवतातच की.

तिरकस:
एका ओळीत. तेही नक्षीसारखे.

मीठभाकर:
तुम्ही दोघं एकाच कवितेत अडकलाय. 'ओल्ड कंबरलँड बेगर' घ्या, 1800 मध्ये छापलेली. एक म्हातारा भिकारी दारोदार फिरतो. वर्ड्सवर्थ सांगतो, याला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून राबवून घेणाऱ्या आश्रयगृहात, कोंडू नका, कारण त्याच्यामुळे गावाला देण्याची सवय राहते. स्वतः गरीब असलेली शेजारीण दर आठवड्याला आपल्या पिठातली मूठ त्याला देते. वर्कहाऊस वाईटच होती, तो राग योग्य आहे. पण गावाचं मन मऊ राहावं म्हणून म्हाताऱ्याने मरेपर्यंत वाऱ्यापावसात भटकायचं? हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

नदीवेडा:
हा मुद्दा बोचला. तरी मूठभर पीठ देणारी ती बाई कवितेत आणणारा कवी त्या काळात विरळाच. 1801 मध्ये त्याने चार्ल्स जेम्स फॉक्स या मोठ्या राजकारण्याला आपलं पुस्तक पाठवलं, सोबत पत्र. सूर असा, की साध्या कपड्यातल्या माणसांनाही खोलवर वाटतं, हे तुमच्या लक्षात यावं.

तिरकस:
तोच माणूस 1844 मध्ये आपल्या सरोवरांच्या मुलखात, विंडरमिअरला, रेल्वे नको म्हणून वर्तमानपत्रात पत्रं लिहितो. कारखान्यातले कामगार झुंडीने आले तर त्यांना त्या निसर्गातलं काय कळणार, म्हणे! निसर्गाने माणूस सुधारतो ना? मग येऊ द्या की त्यांना.

नदीवेडा:
तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. तरुणपणच्या कवितेला म्हातारपणाची शिक्षा देऊ नका.

मीठभाकर:
मग तरुणपणचीच घ्या. 'रेझोल्यूशन अँड इंडिपेंडन्स', 1802 ची. माळावर जळवा (तेव्हा वैद्य रक्त काढायला वापरत त्या) गोळा करणारा एक म्हातारा भेटतो. कवी विचारतो, तुमचं पोट कसं चालतं? म्हातारा सांगू लागतो आणि कवीचं लक्ष उडतं. म्हाताऱ्याचा आवाज त्याला झऱ्यासारखा, जेमतेम ऐकू येतो. मग तोच प्रश्न पुन्हा! म्हातारा हसून पुन्हा सांगतो. नदीवेडा, यात भला कोण? निसर्गात बुडालेला, की दोनदा उत्तर देणारा?

नदीवेडा:
म्हातारा. पण आपलं लक्ष उडालं हे कवीने लपवलं नाही, एवढं तरी द्या त्याला.

मीठभाकर:
दिलं. आता डोरोथीची रोजनिशी काढा, 3 ऑक्टोबर 1800. तो म्हातारा दोघांनाही भेटला होता, कवितेत मात्र कवी एकटाच. तिने त्याचं नीट ऐकलेलं दिसतं. जळवा फार कमी झाल्यात, तो भीक मागून जगतो, कार्लाइल शहरात जाऊन विकायला थोडी धार्मिक पुस्तकं घेणार आहे. आणि भावसुद्धा लिहून ठेवलाय: पूर्वी शंभर जळवांना अडीच शिलिंग, आता 30 शिलिंग.