फोनवर एन्क्रिप्टेड मेल का उघडत नाही
कॉम्प्युटरवर उघडणारा एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) मेल फोनवर अडतो, कारण बहुतेकदा फोनवर वेगळीच की (डिजिटल किल्ली) तयार केलेली असते. मेल ज्या पब्लिक कीने (इतरांना द्यायची, मेल बंद करणारी) बंद केलाय, तिच्याच जोडीची सीक्रेट की (फक्त तुमच्याकडची, मेल उघडणारी) दोन्हीकडे हवी.

कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या ओपनपीजीपी (मेल एन्क्रिप्ट करायची पद्धत) की मॅनेजरमध्ये फाइल मेनूतून सीक्रेट कीचा बॅकअप घ्या, पासवर्ड लांबलचक द्या. ती फाइल यूएसबी केबलनेच फोनवर न्या. स्वतःला मेल करून पाठवू नका, कृपा करून! अँड्रॉइडवर ओपनकीचेन या की सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये इम्पोर्ट करा आणि के-नाइन मेल या मेल अ‍ॅपमध्ये खात्याच्या सेटिंगमधून तीच की निवडा. कीच्या फिंगरप्रिंटची (तिची ओळख पटवणाऱ्या अक्षर-अंकांच्या ओळीची) शेवटची ८ अक्षरं पाहून थांबू नका, पूर्ण ४० कॉम्प्युटरवरच्या कीशी जुळवा. जुळली की फोनवरची बॅकअप फाइल लगेच पुसून टाका.