वरच्या मजल्यावरचे मालक म्हणतात, ३१ जुलैला जागा सोडा

प्रेषक: नवीन सभासद, ब्रॅम्प्टन
९ जुलै २०२४

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं कॅनडात, ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये राहायला आलो. वर्षाचा करार या एप्रिलला संपला, नवा केला नाही. भाडं दर १ तारखेला देतोय. मालक वरच राहतात, आपल्याकडचेच आहेत, गणपतीत आरतीला आम्ही त्यांच्याकडे होतो. काल त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला की मुलगा आणि सून येताहेत, ३१ जुलैला जागा रिकामी करा. रात्री एक कागद आणून दिला, 'आम्ही राजीखुशीने जागा सोडत आहोत' असा. त्यावर सही मागताहेत.

नवरा म्हणतो, आपल्या माणसांत वाईटपणा नको, करून टाकू सही. मला सातवा महिना लागलाय, तीन आठवड्यांत घर कुठून शोधू? सुरुवातीला पहिल्या आणि शेवटच्या महिन्याच्या भाड्याबरोबर ५०० डॉलर डॅमेज डिपॉझिट घेतलं होतं. भिंतीत खिळे ठोकले म्हणून तेही परत देणार नाही म्हणतात. आणि हे बेसमेंट शहराकडे नोंदवलेलंच नाही असं ऐकलं. मग आम्हाला काही बोलायचा हक्क तरी आहे का?

---

प्रेषक: मिसिसॉगाची ताई
९ जुलै, रात्री

अगं, सही करू नकोस. आधी मला एवढंच सांग: तुमचं स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळं आहे, की मालकांबरोबर वापरता?

हे विचारते, कारण ऑन्टॅरिओच्या २००६ च्या भाडेकरू कायद्यात सगळं इथेच फिरतं. मालक किंवा त्यांची बायको, मुलं, आईवडील त्याच घरात राहत असतील आणि भाडेकरूला त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून घ्यावं लागत असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. पुण्याहून, नागपूरहून येणारी कितीतरी मुलं अशी खोली घेतात. 'घरच्यासारखं राहा' म्हटलं की त्यांना बरं वाटतं, आणि आपण कोणत्या संरक्षणावर पाणी सोडतोय हे त्यांना कुणी सांगत नाही. माझा जीव तुटतो.

---

प्रेषक: नवीन सभासद, ब्रॅम्प्टन
१० जुलै

ताई, स्वयंपाकघर, बाथरूम, दार सगळं वेगळं आहे. फक्त कपडे धुण्याचं मशीन एक आहे.

---

प्रेषक: मिसिसॉगाची ताई
१० जुलै

मग निर्धास्त हो. मशीन एक असल्याने काही बिघडत नाही. बेसमेंट नोंदवलेलं नसलं तरी कायदा तुम्हाला लागू आहे, नोंदणी करणं हे मालकांचं काम. मी वकील नाही, पण एका लीगल क्लिनिकमध्ये, म्हणजे कायद्याची मदत देणाऱ्या केंद्रात, काही वर्षं लोकांचे अर्ज भरून दिलेत, त्यावरून सांगते.

करार संपला म्हणून घर सोडावं लागत नाही. तो आपोआप महिन्या-महिन्याने चालू राहतो. मुलासाठी जागा मागायचा मालकांना हक्क आहे, पण त्याची रीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप म्हणजे नोटीस नव्हे. त्यांनी 'एन १२' हा फॉर्म द्यायचा. त्यात किमान ६० दिवसांची मुदत हवी आणि शेवटची तारीख भाड्याच्या महिन्याची अखेर हवी. म्हणजे आज दिला तरी ३० सप्टेंबरच्या आधी नाही. वर एका महिन्याच्या भाड्याएवढी भरपाई त्यांनी तुम्हाला द्यायची. मुलगा खरंच किमान वर्षभर तिथे राहणार, हाही त्यातला भाग. खोटं निघालं तर घर सोडल्यापासून वर्षाच्या आत लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे, म्हणजे मालक-भाडेकरूंचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, 'टी ५' अर्ज करता येतो.

तुम्ही 'राजीखुशी'चा कागद सही केलात की हे सगळं गेलं. म्हणून तर तो कागद रात्री घरी येतो.

डॅमेज डिपॉझिट इथे घेताच येत नाही. फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं आणि त्यावर दरवर्षी व्याज द्यावं लागतं, २०२४ साठी २.५ टक्के. ते ५०० डॉलर परत मागा. चित्रासाठी ठोकलेले दोन-चार खिळे ही रोजच्या वापरातली झीज, नुकसान नव्हे.

---

प्रेषक: एक घरमालक सभासद
१० जुलै

ताईंचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या भाडेकरूंनी सहा महिने भाडं दिलं नाही. लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाची सुनावणी लागेपर्यंत घराचा हप्ता मी पगारातून भरत होतो, बायकोने रात्रपाळ्या घेतल्या. म्हणून पोरी, भांडण काहीही असो, भाडं थांबवू नकोस. रोख देऊ नकोस, ई-ट्रान्सफर कर, पावती माग. मागितली की ती फुकट द्यावीच लागते. घर स्वच्छ ठेवायचं, आपल्या हातून मोडलं ते आपण दुरुस्त करायचं, कुलूप परस्पर बदलायचं नाही. मालकाने २४ तास आधी लेखी कळवून दिवसा दुरुस्तीला यायचं म्हटलं तर अडवायचं नाही. आणि त्यांचा मुलगा खरंच येत असेल हेही मनात असू दे.

---

प्रेषक: मिसिसॉगाची ताई
१० जुलै

दादा, अगदी मान्य. एवढंच जोडते: नोटिशीची मुदत संपली तरी मालकांना स्वतः कुलूप लावता येत नाही, सामान बाहेर काढता येत नाही. बोर्डाचा आदेश लागतो, आणि मग तो अमलात आणायला कोर्टाचा अधिकारी, शेरीफच येतो.

---

प्रेषक: नवीन सभासद, ब्रॅम्प्टन
१४ जुलै

काल दोघं वर गेलो. मी फॉर्मची छापील प्रत नेली होती. काकू आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या, आम्हाला एजंटने असंच सांगितलं होतं. आज एन १२ मिळाला, तारीख ३० सप्टेंबर. ५०० डॉलर परत आले, सप्टेंबरचं भाडं आगाऊ दिलेल्यातून वळतं होईल आणि भरपाईचा चेक जाण्याआधी देणार आहेत. मधेच घर मिळालं तर १० दिवस आधी लेखी कळवून निघता येतं, हेही फॉर्मवरच वाचलं.

ताई, दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसॉगात स्वयंपाकघर वेगळं असलेली, दोन माणसं आणि एका बाळाला पुरेल अशी जागा कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा.